नमुना नेला, निकाल कुठे आहे?

१९५८ साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा एक लेख छापून आला. मध्य भारतातल्या लोकांच्या रक्तात सिकलसेल हा आनुवंशिक दोष आढळतो, हे जगाला सांगणाऱ्या सुरुवातीच्या लेखांपैकी तो एक. त्याच्या सहा वर्षं आधी, १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला होता. म्हणजे आपल्याकडचा हा आजार शास्त्राला ठाऊक होऊन पासष्टहून जास्त वर्षं झाली. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम मात्र १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. मधल्या काळात राज्याचा कार्यक्रम आला, शिबिरं झाली, गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत रक्ताच्या कुप्या भरल्या, शोधनिबंध निघाले, पदव्या मिळाल्या. ज्यांचं रक्त गेलं त्यांच्या घरात यातलं काय परत आलं, हे विचारायची वेळ झाली आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. विदर्भातल्या गावातून रक्त, पाणी, माती, बियाणं असा कोणताही नमुना संशोधनासाठी बाहेर गेला, तर त्याचा निकाल त्याच गावात, तिथल्या माणसाला कळेल अशा बोलीत, ठरलेल्या मुदतीत परत आला पाहिजे. संशोधनाला परवानगी देतानाच ही अट घातली पाहिजे आणि तिच्यासाठी पैसा वेगळा काढलेला असला पाहिजे. आज हे काम एखाद्या भल्या डॉक्टरच्या किंवा हौशी कृषी सहायकाच्या मर्जीवर चालतं. मर्जी चांगली असते, पण तिची बदली होते.

संशोधनाशी माझं वाकडं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी वर्षानुवर्षं मेंडेलचे वाटाणे शिकवले आहेत. उंच-बुटक्या वाटाण्याचा चौकोन फळ्यावर काढला की मागची बाकं जांभया द्यायची. वाटाण्याच्या जागी एएस आणि एएस, म्हणजे सिकलसेलचे दोन वाहक, असं लिहिलं, की तीच पोरं ताठ बसायची. कारण घरी कुणाच्या तरी कार्डावर ती अक्षरं त्यांनी पाहिलेली असायची.

तपासणी कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी, मारेगाव भागातल्या एखाद्या कोलामपोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर जा. आशाताईने आदल्या दिवशी घरोघर सांगितलेलं असतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल लागतं. बोट टोचून रक्ताचा थेंब एका बारीक नळीतल्या द्रावणात टाकतात आणि पाचेक मिनिटांनी ती नळी काळ्या रेघा ओढलेल्या कागदापुढे धरतात. रेघा आरपार दिसल्या तर सिकल नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर आहे. इतकी साधी चाचणी, की रांगेत उभी असलेली पोरं स्वतःच ‘दिसते, दिसते’ म्हणून ओरडतात. पण माणूस वाहक आहे की रुग्ण, एएस की एसएस, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा रक्त काढून तालुक्याला, जिल्ह्याला पाठवायचं आणि तिथे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसवर किंवा एचपीएलसी यंत्रावर तपासायचं. आता काही ठिकाणी जागेवरच निदान करणाऱ्या पट्ट्या आल्या आहेत, ते चांगलंच झालं. पण जिथे त्या नाहीत तिथे निकाल याच वाटेवर हरवतो. माणूस कामाला तेलंगणात मिरची तोडायला गेलेला असतो, कार्डावर नाव चुकतं, गठ्ठा उपकेंद्रात पडून राहतो. एका म्हातारीने आशाताईला माझ्यासमोर विचारलं होतं, ‘‘ताई, रगत तं नेलं, कागद कधी येईन?’’ आशाताई तरी काय सांगणार? तिलाही वरून कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि कागद आला तरी त्यावरच्या दोन अक्षरांचा अर्थ सांगायला कुणी बसत नाही. एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा काही होत नाही, तो आयुष्यभर वावरात राबतो. उलट लहानपणी जिवावरच्या हिवतापापासून त्याला काहीसं संरक्षणच मिळतं. हिवतापाच्या मुलखात हा दोष पिढ्यानपिढ्या टिकून राहिला त्याचं कारणच ते. दोन्ही पालक एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक खेपेला नव्याने चारात एक. ‘पहिलं पोरगं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब करणारी घरं मी पाहिली आहेत. हा हिशेब चुकीचा आहे, एवढं एक वाक्य वेळेवर कुणी सांगितलं असतं तर काही घरांची वाट वेगळी झाली असती. एएस मुलीचं लग्न एए, म्हणजे दोष नसलेल्या, मुलाशी झालं तर एकही मूल रुग्ण होत नाही, हेही सांगितलं जात नाही. मग होतं असं, की कार्ड हाती आलं की मुलीला स्थळं यायची थांबतात आणि शहाणी घरं कार्डच लपवतात. अर्धवट दिलेल्या निकालाने न दिलेल्या निकालापेक्षा जास्त नुकसान झालं आहे.

या आजारातल्या हाडांबद्दल तर कुणी बोलतच नाही. सिकलसेल रक्ताचा आजार म्हणून ओळखला जातो, पण रुग्ण रडतो तो हाडांसाठी. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवसांत मरते. विळ्यासारखी वाकलेली ती पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढच्या हाडाचं रक्त तुटतं. तान्ह्या पोराचे हातपाय सुजतात तेव्हा घरचे नजर काढतात. विशी-पंचविशीत खुब्याच्या सांध्यातला हाडाचा गोळा रक्ताअभावी झिजतो आणि जवान माणूस लंगडू लागतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये हे दिसत नाही. एमआरआय लागतो, तो जिल्ह्याच्या गावी. गावात या दुखण्याला ‘वात’ म्हणतात आणि वातावर सुई मिळते. ती सुई पुष्कळदा स्टेरॉइडची असते, आणि स्टेरॉइडच्या वारंवार वापराने खुब्याचं हाड आणखी मरतं. लंगडणाऱ्या पोराच्या आईला मुलगा एसएस आहे एवढं आधी कळलं असतं, तर तिने त्या सुया टोचू दिल्या नसत्या. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे, पण प्रमाणपत्राला रिपोर्ट लागतो. म्हणजे पुन्हा तोच कागद.

आता संशोधनाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते पाहा. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगने हा रेणूचा आजार आहे असं दाखवलं. पुढे व्हर्नन इनग्रॅमने शोधलं, की हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. जनुकात पाहिलं तर फक्त एका अक्षराचा फरक. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने क्रिस्परवर, म्हणजे जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्रावर, आधारलेल्या उपचाराला मंजुरी दिली. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, त्यातलं एक बटण बंद करायचं म्हणजे हा दोष नसलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं, मग कडक केमोथेरपी देऊन त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या घरात. दिल्लीची आयजीआयबी ही जनुकांवर काम करणारी संस्था याच वाटेवरचा देशी, स्वस्त उपचार उभा करते आहे. तो यशस्वी होवो, त्यासाठी पैसा कमी पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

पण गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवायचं काम हायड्रॉक्सियुरिया नावाची एक कॅप्सूलही करते, कमी प्रमाणात का होईना. अमेरिकेत ती या आजारासाठी १९९८ पासून मंजूर आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मुलांवर कमी मात्रेचा, किलोला १० मिलिग्रॅमचा, अभ्यास झाला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्धही झाला. दुखण्याचे झटके आणि रक्त चढवायची गरज दोन्ही कमी होतात, हे आपल्याच पोरांच्या रक्तावर सिद्ध झालेलं आहे. म्हणजे इथला नमुना, इथलाच निकाल, इथलंच औषध. आणि तरीही एसएस पोराला घेऊन बाप एसटीने शंभर किलोमीटर जातो, कारण जवळच्या केंद्रात गोळी संपलेली असते किंवा ती सुरू करायला डॉक्टर कचरतो. गोळी चालू असताना रक्तपेशी मोजत राहाव्या लागतात, ती सोय नसते. डॉक्टरचं कचरणं मला समजतं. अठरा कोटींच्या उपचाराच्या बातमीखाली ही साधी उणीव झाकली जाते, ते मात्र पटत नाही.

यावर शास्त्रज्ञ मंडळींचे दोन आक्षेप असतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा, की संशोधनातला प्रत्येक निकाल म्हणजे निदान नव्हे. हजार लोकांची जनुकं वाचून एखाद्या आजाराशी संबंध दिसला, तर त्यातल्या एकाला ‘तुला हे होईल’ असं सांगणं चुकीचं ठरेल. हे खरं आहे. देशातल्या ८३ समूहांमधल्या दहा हजार माणसांचे संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय अक्षरं, वाचले गेले, तो विदा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुला झाला. तो आज फरिदाबादला साठवलेला आहे. त्यातून उद्या एकेका माणसाला पत्रं जावीत असं मी म्हणत नाही. पण ‘तुमच्या रक्तातून आम्ही काय विचारलं, काय सापडलं, काय सापडलं नाही’ एवढं त्या त्या समूहाला सांगायला काय हरकत आहे? काही सापडलं नाही, हाही निकालच असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. निकाल गावात गेला की बभ्रा होतो. मघाशी म्हटलं तसं मुलींची लग्नं अडतात, ‘सिकलवाल्याचं घर’ म्हणून बोट दाखवलं जातं. पुष्कळ डॉक्टर याच काळजीपोटी गप्प राहतात. माझं उत्तर असं, की सगळे निकाल एका मापाने मोजू नयेत. रक्ताचा निकाल ज्याचा त्याच्या हातात, बंद दाराआड, नवराबायकोला किंवा आईबापाला समोर बसवून. पाण्याचा, मातीचा, बियाण्याचा निकाल उघड, ग्रामसभेत, मोठ्याने वाचून. आज नेमकं उलटं चालतं. सिकलची यादी उपकेंद्राच्या टेबलावर कुणालाही दिसेल अशी पडलेली असते आणि पाण्याचा अहवाल कपाटात कुलूपबंद. शिवाय ‘अमक्या तालुक्यात इतके टक्के सिकल’ अशी बातमी पेपरात आधी येते, तालुक्याला मागून कळते. आधी गावाला, मग पेपरला, हा क्रम तरी पाळता येईल.

पाण्याकडे वळतो. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांत कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. त्याच्या वर वर्षानुवर्षं गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, मग हाडं. फ्लोराइडने हाड दिसायला घट्ट होतं, पण ठिसूळ बनतं आणि सांध्याभोवतीचे बंध चुन्यासारखे कडक होतात. तपासायची एक पद्धत बिनखर्चाची आहे. हनुवटी छातीला लाव, वाकून पायाची बोटं धर, दोन्ही हात मानेमागे ने. पन्नाशीतला माणूस या तिन्हींत अडखळला तर त्याच्या हाताचा, कोपर ते मनगट, एक्स-रे काढावा. दोन हाडांमधला पडदा कडक झालेला दिसला की शंका उरत नाही.

या प्रश्नात एक गोष्ट विदर्भाची खास आहे, तिच्यावर पुरेसं बोललं जात नाही. पाण्याच्या मर्यादा ठरवताना प्रौढ माणूस दिवसाला दोनेक लिटर पाणी पितो असं साधारण धरलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूर भागात पारा ४६-४७ ला टेकतो. तेंदूपत्ता तोडणारी, रोजगार हमीवर माती उचलणारी बाई सहा लिटरही पिते. पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर तिच्या पोटात दिवसाला १८ मिलिग्रॅम गेलं. अमेरिकेत प्रौढासाठी सुरक्षित मानलेली वरची हद्द दिवसाला १० मिलिग्रॅमची आहे. त्यात आहारात दूध नाही, कॅल्शियम कमी. एकाच बोअरिंगचं पाणी पिणाऱ्या दोघांत एक वाकतो आणि दुसरा ताठ राहतो, याचं उत्तर पाण्याइतकंच ताटात आणि कष्टात आहे. काही वाटा जनुकांचाही असेल, तो जरूर शोधावा. पण तो शोधायला रक्त नेणाऱ्याने आधी त्या बाईला तिच्या पाण्याचा आकडा सांगितलेला असावा. बोअरिंगला लाल रंग मारून माणसं निघून जातात. लाल म्हणजे पिऊ नका. मग काय प्यायचं, ते रंगात लिहिलेलं नसतं. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची पद्धत नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढली आणि ती तेलंगणातल्या नलगोंड्याच्या नावाने जगभर ओळखली जाते. नागपूरहून निघालेलं ज्ञान पांढरकवड्याच्या घागरीपर्यंत पोचायला किती वर्षं लागावीत?

पिकांची गोष्ट लोकांना वेगळी वाटते. माझ्या मते ती तीच आहे, आणि अगदी शब्दशः तोच चौकोन तिच्यातही आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा बीजी-टू २००६ मध्ये. मातीतल्या एका जिवाणूचं विष पऱ्हाटी स्वतःच बनवू लागली आणि हिरवी बोंडअळी आटोक्यात आली. पहिली काही वर्षं फवारणी खरोखर घटली, हे मान्य करायला हवं. प्रश्न शेंदरी बोंडअळीचा होता. विषाला दाद न देण्याचा तिचा गुण अप्रकट असतो. दोन्ही पालकांकडून आला तरच अळी वाचते, सिकलच्या एसएससारखं. म्हणून बीटीच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम साध्या सरकीचं पाकीट दिलेलं असायचं. ती सरकी कडेने पेरायची, तिच्यावर विषाला बळी पडणारे साधे पतंग वाढतील, ते प्रतिकारक पतंगांशी जुळतील आणि पुढची पिढी पुन्हा विषाने मरेल. मेंडेल वावरात उतरवायची अशी ही देखणी युक्ती होती.

ती कुणी समजावली? ते पाकीट धुऱ्यावर पडलेलं, नांग्या भरायला वापरलेलं किंवा ढोराच्या आंबोणात गेलेलं मी पाहिलं आहे. शेतकऱ्याला मूर्ख म्हणून मोकळं होणारे बरेच आहेत. पण ज्याने बीटी नसलेली सरकी पेरून स्वतःच्या पाच-सहा ओळींचं नुकसान करून घ्यायचं, त्याला त्यातून काय मिळणार हे सांगितलंच नव्हतं. पाकिटावर सूचना होती, तीही मुंगीच्या अक्षरात. शेंदरी अळी पहिल्या बीटीला दाद देत नाही, हे गुजरातच्या चार जिल्ह्यांबद्दल २०१० मध्ये तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं. विदर्भातल्या बहुतेक शेतकऱ्यांना ते २०१७ मध्ये बोंड फोडल्यावर कळलं. त्याच हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. मधल्या सात वर्षांत डोमकळी कशी ओळखायची, अर्धवट मिटलेलं गुलाबकळीसारखं फूल दिसलं की तोडून जाळायचं, फरदड, म्हणजे हंगामानंतरही उभं राहणारं पीक, ठेवायची नाही, कामगंध सापळ्यात पतंग मोजायचे, एवढं जरी प्रत्येक गावात पोचलं असतं तर! आणि आपल्याकडे बीटी फक्त संकरित वाणांत आलं. त्यामुळे बी दरवर्षी विकत घ्यायचं आणि पीक जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभं ठेवायचं, म्हणजे अळीला खायला मुबलक. इतर देशांनी सरळ, कमी दिवसांचे वाण घेतले. ही चर्चा नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इंग्रजीत पुष्कळ केली. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ती कधी ऐकू आली नाही.

बियाण्याच्या बाबतीत नमुना उलट्या दिशेनेही गेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथले दादाजी खोब्रागडे, दीडेक एकराचे धनी. १९८३ च्या सुमारास पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, पुन्हापुन्हा पेरल्या, आणि बारीक दाण्याचा एक नवा वाण निघाला. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची हवा होती, वाणाला तेच नाव पडलं. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बी नेलं आणि पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा ‘पीकेव्ही-एचएमटी’ बाजारात आला. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही वाण शुद्ध केला. शुद्ध केलाही असेल. पण जे शुद्ध केलं ते कुणाचं होतं, हे पिशवीवर लिहायला शाईचा खर्च फार नव्हता. दादाजींना पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘फोर्ब्स’च्या यादीत २०१० मध्ये नाव आलं, आणि ३ जून २०१८ ला ते गरिबीतच गेले. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या वाणाची नोंद आणि लाभात वाटा या दोन्हींची तरतूद आहे. तो कायदा आपल्या भागातल्या किती धान उत्पादकांना माहीत आहे, हे एकदा भंडारा-गोंदियाच्या कुठल्याही बाजारात विचारून बघावं.

हे आत्ता सांगायचं कारण आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक संपादित केलेले दोन धानाचे वाण जाहीर केले. त्यातला एक आपल्याकडे घरोघर पेरल्या जाणाऱ्या १०१० या वाणावरच बेतलेला आहे. बाहेरचं जनुक घातलेलं नाही, आतल्याच जनुकात बदल केला, म्हणून २०२२ पासून अशा वाणांना बीटीसारखी कडक परवानगी लागत नाही. मला हे तंत्रज्ञान आशेचं वाटतं. कमी पाण्यात, चोपण जमिनीत धान आलं तर हवंच आहे. पण त्याची चाचणी कुठल्या बांध्यांत झाली, विदर्भात उत्पन्न किती आलं, बी घरचं ठेवता येईल का, त्या बदलाचा हक्क कुणाच्या नावावर आहे, हे पेरणीआधी कळायला हवं. बोंडअळीसारखं सात वर्षांनी कळून उपयोग नाही.

पूर्व विदर्भात लाखोळीच्या डाळीचं उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. धान निघताना उरलेल्या ओलीवर उतेरा टाकायची, ना पाणी ना खत. दुष्काळात नुसतं तिच्यावर जगणाऱ्याचे पाय लुळे पडतात हे दिसलं आणि १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. विषारी घटक १९६४ मध्ये ओळखला गेला, पुढे तो कमी असलेले ‘रतन’सारखे वाणही आले. पण दशकानुदशकं गावाला फक्त बंदी ठाऊक होती. डाळ भिजवून पाणी फेकलं की विष पुष्कळ कमी होतं, ती एकटी न खाता धान्यासोबत खावी, ही माहिती बंदीच्या कागदावर नव्हती. लोक पेरत राहिले, खात राहिले. चोरून खाणारा मात्र कुणाला काही विचारू शकत नाही.

मग करायचं काय? नवा कायदा मागण्याची गरज नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत समूहाला विश्वासात घेणं आणि लाभ वाटून देणं आहेच. नैतिकता समितीने फक्त एवढं करावं, की निकाल परत द्यायची तारीख, तो सांगणारा माणूस आणि त्यासाठीची रक्कम अर्जात नसेल तर तो परत पाठवावा. सांगणारा माणूस गावाला माहीत असलेला हवा, गोंडी-माडिया-कोलामी बोलणारा हवा आणि त्याला मानधन हवं. आशाताईच्या डोक्यावर आणखी एक फुकट ओझं टाकू नये. चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरचं केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये लोकार्पण झालं, अकोल्याला कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षीचं. संस्था दूर नाहीत. खर्चाचं म्हणाल तर एका एचपीएलसी यंत्राच्या किमतीत कित्येक गावांत निकाल सांगून होतील.

आणि वरून होईपर्यंत खालून सुरुवात करता येते. गडचिरोलीतल्या ग्रामसभा तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराशी स्वतः बोलणी करतात, दर ठरवतात, करारावर सही घेतात. मेंढा-लेखाने २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला तो आधी गावाने अभ्यास गट चालवला म्हणून. पानांसाठी जी अट घालता येते ती रक्तासाठी का नाही? संशोधक आला की ग्रामसभेने त्याच्याकडून लिहून घ्यावं: काय नेताय, कुठे ठेवणार, आणि कोण, कधी सांगायला येणार. उपचाराच्या शिबिराला मात्र ही अट लावू नये. तापाने फणफणलेल्या पोराचं रक्त काढायला ठराव लागत नाही. फरक सहीच्या कागदावर लिहिलेला असतो. त्यावर ‘संशोधन’ असा शब्द असेल तर कागद मराठीत मागावा, एक प्रत घरी ठेवावी, आणि खालचा फोन नंबर लागतो की नाही ते पाहुणे गावात असतानाच लावून बघावं.